राष्ट्राध्यक्षांचा मळा आणि ताट

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हटला की फौजा, विमाने, करारमदार आणि मोठमोठ्या मेजवान्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. उकिरडा, वाटाण्याचे वाफे किंवा भुईमुगाचे शेत कोणाच्या मनात येत नाही. तरीही त्या देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांपैकी बहुतेकांचा प्रपंच जमिनीवर चालत असे, आणि पुढेही अनेकजण शेतातून त्या पदावर गेले व पद सुटल्यावर शेताकडे परतले. त्यांच्यापैकी काहींची शेती व खाणेपिणे यांची हकिगत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. माती, शेण, दूध आणि पाणी ही माणसाचा हुद्दा पाहत नाहीत, असे या हकिगतीतून दिसून येईल. त्यातून आपल्या शेताला व चुलीला उपयोगी पडेल ते आपण घ्यावे.

तंबाखूने थकलेली जमीन

जॉर्ज वॉशिंग्टन हे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांची कारकीर्द १७८९ ते १७९७ अशी होती. व्हर्जिनिया प्रांतात पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन नावाची त्यांची मोठी शेतवाडी होती. त्या प्रांतात त्या वेळी तंबाखू हेच मुख्य पीक. तंबाखू इंग्लंडला जाई, भाव तिकडचे अडते ठरवीत आणि शेतकरी कर्जात राही. शिवाय तंबाखू जमिनीतील कस फार लवकर ओढून घेते. चार-पाच वर्षांत जमीन थकली की लोक ती टाकून देत आणि जंगल तोडून नवी जमीन काढीत. निपाणीकडील आमच्या वाचकांना तंबाखूचा हा स्वभाव नव्याने सांगायला नको.

वॉशिंग्टन यांनी १७६० नंतरच्या काही वर्षांत तंबाखू सोडली व गव्हाकडे मोर्चा वळविला. पण नुसते पीक बदलून जमीन सुधारत नाही हे त्यांना लवकरच कळले. १७६० च्या एप्रिल महिन्यात त्यांनी एका पेटीत दहा कप्पे केले, प्रत्येकात माती घालून वेगवेगळे खत मिसळले आणि गहू, ओट व जव यांचे थोडे थोडे दाणे पेरले. एकात घोड्याची लीद, एकात गायीचे शेण, एकात मेंढीच्या लेंड्या, एकात नदीचा गाळ, अशी ती रचना होती. कोणत्या कप्प्यातील रोप जोमाने येते याची त्यांनी आपल्या रोजनिशीत नोंद केली. असा प्रयोग आपल्यापैकी कोणीही चार फुटक्या मडक्यांत करू शकेल.

पुढे १७८७ मध्ये त्यांनी केवळ खतासाठी एक स्वतंत्र बांधकाम केले. सुमारे ३१ फूट लांब व १२ फूट रुंद, वर छप्पर, बाजू मोकळ्या आणि खाली दगडगोट्यांची फरसबंदी. शेण, पालापाचोळा, स्वयंपाकघरातील उष्टेखरकटे तेथे कुजत पडे. वर छप्पर असल्याने पावसाने खताचा कस वाहून जात नसे आणि खाली फरशी असल्याने रस जमिनीत मुरत नसे. आपल्याकडील उकिरडा उघड्यावर असतो आणि चार महिने पाऊस त्याला धुऊन काढतो. मग शेतात जाते ते खत नव्हे, त्याचा चोथा. १७८५ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टन यांनी आपल्याला कारभारी कसा हवा ते सांगितले आहे. हात लावील त्याचे सोने करणारा राजा आपण गोष्टीत ऐकतो. तसा हात लावील त्याचे खत करणारा माणूस त्यांना हवा होता, कारण सोन्याकडे जाण्याची पहिली पायरी तीच, असे त्यांचे म्हणणे.

सात वर्षांचा फेरपालट, मधूनच गाडण्यासाठी हिरवळीचे पीक, लसूणघासासारखे द्विदल गवत, हे सारे त्यांच्या आखणीत होते. मळणीसाठी त्यांनी सोळा बाजूंचे एक दुमजली कोठार बांधविले. वरच्या मजल्यावर गव्हाच्या पेंढ्या पसरून त्यावर घोडे गोल फिरवीत. फळ्यांमध्ये फट ठेवलेली असल्याने दाणे खालच्या मजल्यावर पडत व कोंडा-काड वर राही. आपल्या खळ्यावर बैलांची पात धरतात तीच ही पद्धत, पण छपराखाली, म्हणजे पाऊस आला तरी धान्य भिजत नसे.

त्यांचा नाश्ता मात्र साधा. मक्याच्या पिठाच्या छोट्या भाकऱ्या, त्यावर लोणी व मध, आणि चहा. १७८९ साली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. लोण्यामधाने भिजलेली मऊ भाकरी त्यांना का आवडत असे, हे त्यावरून समजते.

त्यांच्यामागून आलेले जॉन अ‍ॅडम्सही खताचे असेच वेडे. १७८६ साली ते इंग्लंडमध्ये वकील म्हणून राहत असता लंडनबाहेर फिरायला गेले, आणि रस्त्याकडेचे खताचे ढीग निरखून पाहत बसले. यापेक्षा आपल्या घरचे खत सरस आहे, असा निवाडा त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवला!

जेफरसन यांची वही

तिसरे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन (१८०१ ते १८०९) यांच्याइतका भाजीपाल्यावर जीव टाकणारा राज्यकर्ता विरळा. व्हर्जिनियातील माँटिसेलो या त्यांच्या टेकडीवर डोंगरउतार फोडून व खाली दगडी ताल घालून त्यांनी हजार फूट लांबीचा भाजीमळा तयार करविला. तेथे भाज्या व मसाल्याच्या रोपांचे तीनशेहून अधिक वाण त्यांनी लावून पाहिले.

१७६६ पासून १८२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, त्यांनी बागेची एक वही ठेवली. कोणते बी केव्हा पेरले, केव्हा उगवले, ताटात केव्हा आले आणि केव्हा संपले, एवढेच तीत असे. यश जसे लिहिले तसे अपयशही लिहिले. अमुक वाफा उगवला नाही, तमुक थंडीने गेला, अशा नोंदी तीत जागोजागी आहेत. राष्ट्राध्यक्ष असताना तर वॉशिंग्टन शहराच्या बाजारात कोणती भाजी वर्षात प्रथम कधी येते व शेवटी कधी दिसते, याचा आठ वर्षांचा तक्ता त्यांनी केला. असा तक्ता आपल्या गावच्या आठवडी बाजाराचा कोणी केला, तर कोणती भाजी पंधरा दिवस आधी आणल्यास भाव मिळेल हे त्याला घरबसल्या कळेल.

वाटाणा त्यांचा लाडका. शेजारच्या शेतकऱ्यांमध्ये अशी पैज असे की ज्याचा वाटाणा सर्वांआधी तयार होईल त्याने इतरांना जेवायला बोलवावे. बहुधा डायव्हर्स नावाचे शेजारी जिंकत. एका वर्षी जेफरसन यांचा वाटाणा आधी झाला. घरच्यांनी आठवण केली तेव्हा ते म्हणाले की कोणाला सांगू नका, आमंत्रण देण्यातच त्यांना आनंद वाटतो. ही गोष्ट त्यांच्या कुटुंबात सांगितली जात असे.

आपण मांस थोडेच खातो आणि तेही भाजीला तोंडी लावण्यापुरते, असे त्यांनी उतारवयात, १८१९ साली, एका डॉक्टरांना कळविले होते. त्र्याऐंशी वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. ते केवळ भाजीने लाभले असे आम्ही म्हणणार नाही, पण ताटात भाजीचा वाटा मोठा असावा हे आजचे डॉक्टरही सांगतात.

नांगराकडेही त्यांचे लक्ष होते. फाळाने उचललेली माती पालथी पाडणारी जी फळी असते, तिचा आकार त्यांनी गणिताने असा ठरविला की जनावराला ओढ कमी लागावी. फ्रान्समधील शेतकी संस्थेने त्यासाठी त्यांना सुवर्णपदक दिले. त्यांचे जावई टॉमस रँडॉल्फ यांनी डोंगरउतारावर वरून खाली नांगरण्याऐवजी उताराला आडवी नांगरट सुरू केली. त्यामुळे पावसाचे पाणी सरीत थांबू लागले आणि माती घसरणे कमी झाले.

घाम कोणाचा?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे; ती गाळली तर ही हकिगत खोटी ठरेल. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्या शेतांवर राबणारी माणसे गुलाम होती. १७९९ साली माउंट व्हर्ननवर ३१७ स्त्रीपुरुष व मुले गुलामीत होती. जेफरसन यांच्या मालकीखाली त्यांच्या आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. तो हजार फुटांचा मळा अशाच लोकांनी खोदला. बागेचे काम वर्मली ह्यूज हा गुलाम माळी पाहत असे.

स्वयंपाकघरातही तेच. वॉशिंग्टन यांचा आचारी हर्क्युलीस हा आपल्या हाताच्या चवीसाठी नावाजलेला होता. राष्ट्राध्यक्षांच्या पंक्तीला त्याचे पदार्थ वाढले जात, पण तो स्वतः कोणाची तरी मालमत्ता होता. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, म्हणजे धन्याच्या वाढदिवशीच, तो माउंट व्हर्ननहून पळून गेला आणि पुन्हा हाती लागला नाही. जेफरसन यांनी जेम्स हेमिंग्ज याला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकविला. आपल्या भावाला ती विद्या शिकवून तयार कर, मग सोडीन, अशी अट घातली आणि १७९६ साली त्याला मोकळे केले.

दिवसभर धन्याच्या शेतात राबून माँटिसेलोचे हे गुलाम संध्याकाळी व रविवारी आपल्या झोपड्यांभोवती चार वाफे करीत, कोंबड्या पाळीत. त्यांच्याकडून जेफरसन यांचे घर काकड्या, कोबी, अंडी व कोंबड्या पैसे देऊन विकत घेई. नातीने लिहिलेल्या जमाखर्चाच्या वहीत या खरेदीच्या नोंदी आहेत. ज्यांना स्वतःचा देहसुद्धा स्वतःचा म्हणता येत नव्हता, त्यांच्या हाती त्या परसातून दोन पैसे येत होते.

जेफरसन १८२६ साली वारले तेव्हा डोक्यावर भले मोठे कर्ज होते. ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये लिलाव झाला आणि भांडीकुंडी व गुराढोरांबरोबर सुमारे १३० माणसे विकली गेली. नवराबायको, आईलेकरे यांची ताटातूट झाली. वाटाण्याच्या पैजेची गोड गोष्ट सांगताना ही गोष्टही सांगावी लागते. आपल्या शेतावर मजुरीला येणाऱ्या बायामाणसांच्या पदरात काय पडते, हे प्रत्येक शेतमालकाने स्वतःला विचारावे असे आम्हाला वाटते.

एक इशारा, आणि धुळीचे लोट

चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन पदावरून उतरल्यावर आपल्या गावी परतले. १८१८ च्या मे महिन्यात आल्बमार्ल येथील शेतकी मंडळापुढे त्यांनी एक भाषण केले. त्यात त्यांनी शेतकऱ्यांच्या चुकांची यादीच वाचली. थकलेल्या जमिनीवर पुन्हा पुन्हा तेच पीक घेणे, उथळ आणि उताराच्या दिशेने नांगरणे, खताची हेळसांड, चारा नसता गुरांची संख्या वाढविणे आणि झाडे बेसुमार तोडणे. पृथ्वीचे वैभव केवळ माणसासाठीच आहे असे समजू नये, निसर्गाच्या तोलात माणसाची जागा ठरलेली आहे, असा त्यांचा रोख होता.

तो इशारा फार थोड्यांनी ऐकला. पश्चिमेकडील गवताळ माळराने शंभर वर्षांत नांगरली गेली. मग १९३० नंतर सलग दुष्काळ पडला. मातीला धरून ठेवणारे गवत नव्हते, म्हणून वाऱ्याबरोबर सुपीक माती आभाळात गेली. मे १९३४ मधील वादळाची धूळ शेकडो कोस ओलांडून वॉशिंग्टन शहरापर्यंत पोहोचली. लाखो शेतकरी घरदार सोडून निघाले. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट (१९३३ ते १९४५) यांनी २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा केला. उताराला आडवी नांगरट, पट्टापेर, बांधबंदिस्ती ही कामे सरकारने हाती घेतली. वारा अडविण्यासाठी झाडांचे पट्टे उभे केले गेले. १९४२ पर्यंत अशी सुमारे २२ कोटी झाडे लागली. रूझवेल्ट यांनी स्वतःच्या हाइड पार्क येथील जमिनीवरही लाखो रोपे लावून घेतली, आणि व्यवसाय विचारला तर आपण झाडे लावणारा शेतकरी आहोत असे ते सांगत.

त्या मंदीच्या दिवसांत त्यांच्या पत्नी एलेनॉर यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासातील जेवणही साधे केले. २१ मार्च १९३३ रोजी दुपारचे जेवण होते उकडलेली अंडी व टोमॅटोचा रस्सा, कुस्करलेले बटाटे, गव्हाची पाव-रोटी आणि सुकवलेल्या आलुबुखाराचा गोड पदार्थ. माणशी खर्च साडेसात सेंट. चव बेताचीच होती असे पाहुणे म्हणत. पण स्वस्तात पोषण मिळते हे गरीब घरांना दिसावे, हा हेतू होता. पुढे युद्धकाळात १९४३ साली त्यांनी निवासाच्या हिरवळीवर भाजीचे वाफे काढविले. त्या वर्षी देशभर अंगणात, शाळेत, मोकळ्या जागेत सुमारे दोन कोटी परसबागा फुलल्या होत्या.

दुधातले विष

अब्राहम लिंकन नऊ वर्षांचे असताना, ५ ऑक्टोबर १८१८ रोजी, त्यांची आई नॅन्सी इंडियाना प्रांतातील रानात वारली. आजाराला लोक ‘दुधाचा आजार’ म्हणत. आधी गुरे थरथरू लागत. मग त्यांचे दूध पिणारी माणसे ओकाऱ्या व अशक्तपणाने आठवडाभरात जात. गावेच्या गावे यामुळे उठली.

कारण पुष्कळ उशिरा सापडले. उन्हाळ्याअखेरीस कुरणे सुकली की गुरे जंगलात शिरत आणि पांढऱ्या फुलांची एक वनस्पती खात. तिकडे तिला व्हाइट स्नेकरूट म्हणतात. तिचे विष दुधातून माणसांत उतरे. गावकऱ्यांपैकी काहींना संशय आला होता, पण १९२८ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातील शास्त्रज्ञाने ते विष वेगळे काढून दाखविले. हे शेतकी खाते १८६२ साली कोणी स्थापन केले? त्याच लिंकन यांनी.

ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देऊ नये. आपल्या बांधावरचे गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते याच कुळातले, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातले आहे. पुण्याकडे ते १९५५ च्या सुमारास नजरेत आले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ साली सही केलेल्या पी. एल. ४८० कायद्याखाली अमेरिकेचा गहू आपल्याकडे येत असे. त्या गव्हाबरोबर हे बी आले असा समज रूढ आहे. ते कसेही आलेले असो, गुरांनी ते खाल्ले तर दूध कडवट होते, जास्त खाल्ले तर जनावर आजारी पडते, आणि माणसाच्या कातडीला खाज व सर्दी-दम्याचा त्रास होतो. फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे किंवा फडके बांधून, ते मुळासकट उपटावे. चाराटंचाईच्या दिवसांत गुरे कोठे तोंड घालतात यावर लक्ष ठेवावे.

राष्ट्राध्यक्षांच्या घरचे पाणी

१८४१ ते १८५० या दहा वर्षांत तीन राष्ट्राध्यक्ष पोटाच्या विकारांशी जोडलेल्या मरणाने गेले. हॅरिसन हे पदावर आल्यावर महिन्याभरात, एप्रिल १८४१ मध्ये वारले. न्यूमोनिया असे त्या वेळी सांगितले गेले. पण २०१४ साली संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून दूषित पाण्याने होणारा विषमज्वर असावा असे मत मांडले. पोल्क पद सोडल्यावर तीनच महिन्यांनी, जून १८४९ मध्ये, पटकीने गेले. झॅकरी टेलर हे ४ जुलै १८५० रोजी कडक उन्हात समारंभाला बसले, घरी येऊन चेरीची फळे व बर्फाचे दूध घेतले, आणि पाचव्या दिवशी, ९ जुलैला, पोटाच्या विकाराने वारले. विषप्रयोगाचा संशय होता म्हणून १९९१ साली त्यांचे अवशेष तपासले, पण सोमलाने मरण आल्याचा पुरावा मिळाला नाही.

त्या काळी त्या शहराला गटारे नव्हती. मैला टाकण्याची जागा राष्ट्राध्यक्षांच्या निवासाला पाणी पुरविणाऱ्या झऱ्यापासून फार दूर नव्हती. दारात पहारेकरी होते, पण घागरीतून काय घरात येते ते कोणाला दिसत नव्हते. विहिरीपासून संडासाचा खड्डा दूर व खालच्या अंगाला असावा, पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे, फळे धुऊन खावीत. एवढ्या साध्या गोष्टींवर तेव्हा जीव अवलंबून होते आणि आजही आहेत.

ताट आणि काळीज

विल्यम टाफ्ट (१९०९ ते १९१३) हे सर्वांत लठ्ठ राष्ट्राध्यक्ष. १९०५ साली त्यांनी इंग्लंडमधील एका डॉक्टरांचा पत्राने सल्ला घेतला. साखर व तुपकट पदार्थ सोडले, रोज वजन लिहिले, आणि काही महिन्यांत पंचवीस किलोंहून अधिक वजन उतरविले. मग पथ्य सुटले. पदावर आले तेव्हा वजन दीडशे किलोंच्या पुढे गेले होते. पद सोडल्यावर पुन्हा नेट धरला व पुष्कळ कमी केले. चार महिन्यांचे पथ्य चार महिनेच पुरते. जन्मभर जमेल असे खाणे ठरवावे लागते.

ड्वाइट आयझेनहॉवर (१९५३ ते १९६१) यांना स्वतः रांधण्याची हौस होती. त्यांच्या हातच्या भाज्यांच्या सुपाची कृती वर्तमानपत्रांत छापून आली होती. तरुणपणापासून ते भयंकर सिगारेटी ओढीत, दिवसाला चार पाकिटांपर्यंत. १९४९ साली त्यांनी एकदम सोडल्या. २३ सप्टेंबर १९५५ रोजी गोल्फ खेळताना जेवणात कच्च्या कांद्यासह मांसाची वडी खाल्ली, आणि दुपारपासून छातीपोटात अस्वस्थ वाटू लागले. दोष कांद्याला दिला गेला. पहाटे कळ वाढली. तो हृदयविकाराचा झटका होता. ते वाचले, आहारात स्निग्ध पदार्थ कमी केले आणि आणखी साडेतेरा वर्षे जगले. पण आमच्या वाचकांनी कांद्याची ही गोष्ट लक्षात ठेवावी. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम आणि धाप, हे ‘वायू झाला’ म्हणून ओवा-सोड्यावर काढू नये. तडक दवाखाना गाठावा.

भुईमुगाचा शेतकरी

जिमी कार्टर (१९७७ ते १९८१) जॉर्जिया प्रांतातील प्लेन्स या खेड्यातले. लहानपणी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा पुड्या बांधून त्यांनी गावात विकल्या. पुढे नौदलात अधिकारी झाले. १९५३ साली वडील वारल्यावर नोकरी सोडून शेताकडे आले. दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला आणि त्या वर्षीची कमाई दोनशे डॉलरांच्या आतच राहिली. गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी घरात ते कुटुंब राहत होते. कार्टर शेतकी खात्याचे वर्ग करीत, बियाण्याचा भुईमूग पिकवीत. पत्नी रोझलिन वखारीचा हिशेब पाहत. तिने ठेवलेल्या नीटस जमाखर्चावरून कोणता धंदा तोट्यात आहे हे त्यांना कळे. १९८१ साली पदावरून परतले तेव्हा वखारीवर सुमारे दहा लाख डॉलरांचे कर्ज झाले होते आणि धंदा विकावा लागला.

कार्टर यांच्या आई लिलियन यांचा आपल्या मुलखाशी संबंध आला होता. वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ साली, त्या सेवाकार्यासाठी मुंबईच्या विक्रोळीत आल्या आणि गोदरेज वसाहतीच्या दवाखान्यात दोन वर्षे परिचारिका म्हणून राबल्या.

मुलाचे नाव पुढे नारूशी जोडले गेले. आपल्या वडीलधाऱ्यांना नारू चांगला ठाऊक आहे. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेल्याने पाय बुडविला की अळ्या पाण्यात सुटत. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांब धागा बाहेर येई. ऐन पेरणीत कर्ता माणूस अंथरुणाला खिळे. औषध नव्हते, लस नव्हती. पण दाट विणीच्या कापडाने पाणी गाळले की रोग थांबे. भारताने आपल्या मोहिमेने तो हटविला. शेवटचा रोगी १९९६ साली सापडला व २००० साली देश नारूमुक्त ठरला. कार्टर यांच्या संस्थेने १९८६ पासून आफ्रिकेतील खेड्यांत हेच काम नेटाने केले. त्या वर्षी जगात सुमारे ३५ लाख रोगी होते, २०२४ मध्ये अवघे १५ उरले. २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, कार्टर प्लेन्समध्येच वारले.

एका गुंठ्याचा मळा

२० मार्च २००९ रोजी मिशेल ओबामा यांनी शाळेच्या मुलांना घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या हिरवळीवर कुदळ मारली. जागा होती १,१०० चौरस फूट, म्हणजे आपला जवळजवळ बरोबर एक गुंठा. बी-बियाणे व इतर साहित्य मिळून खर्च सुमारे दोनशे डॉलर. मुलांचा लठ्ठपणा वाढला होता; स्वतः पिकविलेली भाजी मूल आवडीने खाते, हा त्यामागचा विचार. एका वाफ्यात जेफरसन यांच्या मळ्यातील वाणही लावले होते.

एक गुंठा तर आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात असतो. ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडे न्हाणीच्या पाण्याची एक नाली तरी असतेच. म्हणून या हकिगतीतून काढलेल्या काही सूचना देऊन थांबतो.

१. उकिरड्यावर पावसाळ्यापूर्वी झापांचे किंवा पत्र्याचे छप्पर घालावे. तळ चोपून घ्यावा व कडेने चर काढून पावसाचे पाणी बाहेर वळवावे.

२. उताराच्या शेतात नांगर आडवा चालवावा. बांधावर झाड किंवा गवत ठेवावे. एकाच रानात सलग एकच पीक घेऊ नये. मध्ये भुईमूग, हरभरा, तूर असे द्विदल घ्यावे.

३. शाळेत जाणाऱ्या मुलाला एक वही द्यावी. काय पेरले, कधी उगवले, काय मेले, बाजारात भाव काय मिळाला, हे त्याने लिहावे. जमाखर्च घरच्या बाईच्या हाती असला तर उत्तमच.

४. गाजर गवत फुलावर येऊ देऊ नये. गुरांच्या चाऱ्यातून ते निवडून काढावे.

५. पिण्याचे पाणी गाळून व उकळून घ्यावे.

६. परसातल्या भाजीचा पहिला तोडा विकण्यापूर्वी घरच्या पोरांच्या ताटात पडावा. आणि शेतावर राबणाऱ्यांच्या घरीही त्यातले चार मूठ जावे.